बाकी किधर है?

दप्तराची सुतळी संतरामनं नागपूरला स्वतःच्या हातानं तीन गाठी मारून बांधली होती, आणि नाक्यावरच्या जवानानं त्या गाठी सोडवायचा विचारसुद्धा न करता ती चाकूनं कापली. भीती वगैरे नंतर वाटली. आधी वाटला तो नुसता वैताग. साध्या गाठी होत्या, एक टोक ओढलं असतं तर तिन्ही सुटल्या असत्या. आता घरापर्यंत सात वह्या काखेत धरून न्यायच्या म्हणजे दोन तरी वाटेत पडणार. वाशिमहून हिंगोलीकडं निघालेली सर्व्हिस मोटार निजामाच्या हद्दीवर उभी होती, उतारू लिंबाच्या सावलीत पांगले होते, चैत्राचं ऊन डोळ्यांत टोचत होतं, आणि हिरासिंग नावाचा तो जवान एकेक वही पाठीला धरून झाडत होता, जशी बाई धान्य पाखडण्याआधी सूप झाडते तशी. खरं तर संतराम या मोटारीत असायलाच नको होता. अकोल्याहून बसला होता ती आगगाडी सरळ हिंगोलीला जात होती, गर्दीच्या फलाटावर त्याच्या वह्यांकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण वाशिमला एका गृहस्थांकडं तर्कशास्त्राची जुनी हस्तलिखित पोथी आहे असं कुणीतरी म्हणालं होतं, ते त्याला ऐन वाशिमच्या स्टेशनात आठवलं, आणि परिभाषेसाठी एकदा डोळ्यांखालून घालावी म्हणून तो उतरला. त्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, मंडळी लग्नाला गेलीत, आठ दिवसांनी या. तेविसाव्या वर्षी, एम. ए.च्या पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान शिकणाऱ्या माणसाला कार्यकारणभाव इतपत तरी कळायला हवा होता, की जे पुस्तक वाचायचं नाही त्याच्यासाठी गाडी सोडायची नसते.

नाक्याचे अमीनसाहेब पन्नाशीचे होते आणि पोटाच्या दुखण्यानं गांजलेले होते. टेबलावर ताकाचा तांब्या, त्यावर ओलं फडकं. त्यांना उर्दू उत्तम यायची, इंग्रजी कामापुरती. मराठी बोललेली कळायची, पण वाचता येत नव्हती. मराठी वाचणारा कारकून भाचीच्या लग्नाला गेला होता तो सोमवारी यायचा होता. आज शनिवार. तेव्हा अमीनसाहेबांनी वह्या पुढ्यात घेतल्या, संतरामला समोर उभं केलं आणि एकेक पान उलटत त्यालाच विचारायला सुरुवात केली. संतरामचं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण हिंगोलीला उर्दूतून झालेलं, त्यामुळं बोलण्याची अडचण नव्हती. अडचण निराळीच होती.

"ये क, ख, ग कौन लोग हैं?" अमीनसाहेबांनी हिरासिंगला मघाशी पहिली अक्षरं विचारून घेतली होती; त्यालाही तेवढीच ओळखता येत होती.

"लोग नहीं हैं साहब. मंतिक की, तर्कशास्त्र की मिसाल है. हर क ख है, हर ख ग है, इसलिये हर क ग है."

"हर क ख है," अमीनसाहेब सावकाश म्हणाले. "और घ?"

"घ तक मैं पहुँचा नहीं."

अमीनसाहेबांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मग दुसरी वही. ती परिभाषेची. तत्त्वज्ञानातल्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द शोधायचे, पुस्तकी नव्हे तर त्याच्या गावी, गोरेगावात, शेजारच्या सेनगावात माणसं बोलतात त्यातले. गरज पडेल तिथं उर्दूतले घ्यायचे. आठ पानांवर शब्द होते, मग वही कोरी. तिसरीत एका जर्मन पंडिताच्या ग्रंथाचं भाषांतर होतं, ते दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर एका स्वल्पविरामाशी थांबलं होतं. चौथीत विहीर खणणारा आणि त्याला पाणी दाखवणारा पाणाड्या यांचा ज्ञानाविषयीचा संवाद; पाणाड्यानं प्रश्न विचारला होता आणि विहीर खणणाऱ्यानं दोन वर्षं झाली तरी उत्तर दिलं नव्हतं. पाचवीत 'दुःख आणि तकलीफ' असा निबंध. सहावीत घराच्या अंगणात बांधायच्या सूर्यघड्याळाच्या आकृत्या, त्यातली मोठी आकृती वेगळ्या जाड कागदावर काढलेली, कोन, रेषा, बाण, आणि बाणांच्या टोकाशी काहीच नाही. ही आकृती अमीनसाहेबांनी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. सातवी वही 'काहून' या एका शब्दावरची.

"नक्शा कहाँ का है?"

"नक्शा नहीं, धूपघड़ी है."

"तो घंटे किधर हैं?"

घंटे नव्हते. कोनासाठी गोरेगावचा अक्षांश लागणार होता, तो कुठल्या पुस्तकात मिळेल याची चौकशी करायची राहिली होती. हे संतरामनं सांगितलं, आणि सांगताना त्याला स्वतःलाच ते थाप मारल्यासारखं वाटलं. अमीनसाहेबांनी सगळ्या वह्या एकावर एक रचल्या, वरच्या वहीवर तळवा ठेवला आणि जरा पुढं वाकून, चिडून नव्हे, जवळजवळ आपुलकीनं विचारलं, "बाकी किधर है?"

हा प्रश्न त्याला नवा नव्हता. वडिलांनी, आबांनी, विचारला होता, अर्धी बांधलेली गोठ्याची भिंत बघून. प्राध्यापकांनी विचारला होता, निबंधाची सुंदर तीन पानं वाचून चौथं पान नसल्याचं बघून. पण आजवर विचारणाऱ्यांना उत्तर माहीत असायचं. प्रश्न म्हणजे टोमणा असायचा. अमीनसाहेब खरंच विचारत होते. त्यांच्या मते बाकीचं कुठंतरी होतं. वाशिमला, मोटारीच्या टपावर, दुसऱ्या कुणाच्या पिशवीत. "बीस बरस हुए मुझे नाकों पर," ते म्हणाले. "अफीम देखी, कपड़ा देखा, चाँदी देखी. आदमी सिर्फ शुरुआत लेकर सफर नहीं करता मियाँ. बाकी बताओ और घर जाओ." संतराम म्हणाला, बाकी नहीं है. ते म्हणाले, बैठो. मोटार निघून गेली. मोटारीत गोरेगावचा एक कापूसवाला होता, तो जाताजाता डोळ्यांनीच खुणावून गेला, की घरी सांगतो.

नाक्याच्या मागच्या खोलीत तुरीच्या काड्यांचा कूड होता आणि कुडाच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा जमिनीवर पडत होत्या. संतराम त्या रेघा सरकताना बघत बसला आणि त्याला नागपूरची खोली आठवली. तिथंही भिंतीवर रेघाच होत्या, पण निळ्या शाईच्या. मोठ्या कागदावर त्यानं वाचनाची योजना आखली होती: आडव्या रेघा महिन्यांच्या, उभ्या विषयांच्या, चौकटीत पुस्तकाचं नाव, वाचून झालं की तांबडी फुली. आखायला दोन रविवार गेले होते. कार्तिकात ग्रीक, मार्गशीर्षात न्याय, पौषात जर्मन. पहिल्या पुस्तकाच्या तिसाव्या पानावर तळटीप होती आणि तळटिपेत दुसऱ्या पुस्तकाचं नाव होतं, ते आधी वाचल्याशिवाय हे कळणं शक्य नव्हतं, त्या दुसऱ्याच्या प्रस्तावनेत म्हटलं होतं की वाचकाला गणिताची बैठक असावी, म्हणून गणित, गणितात कोन आले, कोनांवरून सूर्यघड्याळ पुन्हा आठवलं. फाल्गुनात परीक्षा आली तेव्हा कागदावर एकच तांबडी फुली होती आणि ती एका चोपडीवर, जी त्यानं लहानपणीच वाचली होती. खोलीतला सोबती बाजारात मिळणारी प्रश्नोत्तरं पाठ करून निजायचा आणि घोरायचा. त्याच्या घोरण्यात एक प्रकारची पूर्णता होती. संतरामला त्याचा राग येई, आणि राग का येतो याचं विश्लेषण करायला घेई, तेही राहून जाई. आता या कुडात बसून त्याला वाटलं, माणसाला फाशीसुद्धा द्यायची तर गुन्हा तरी पुरा करायला हवा. आपल्याला धरलं ते तळटिपांबद्दल.

आणि मग त्याला सातव्या वहीतला समास आठवला.

वाशिमच्या मोटारअड्ड्यावर धर्मसिंग भेटला होता. एकेकाळी वर्गात शेजारी बसणारा. गेल्या वर्षी कॉलेज सोडून हद्दीवरून संस्थानात पत्रकं पाठवायच्या कामाला लागलेला. पत्रकं सरकीच्या पोत्यांखाली घालून गाडीनं न्यायची, आणि ती गाडी गोरेगावजवळच्या तांड्यावरच्या लखमाची होती. धर्मसिंग घाईत होता. म्हणाला, "तू घरीच चाललास ना? लखमाला एवढं सांग, सोमवारी गाडी आणू नको म्हणावं, नाक्यावर झडती कडक झालीय. आणि हे लिहू बिहू नको, ध्यानात ठेव." संतराम त्या वेळी सातवी वही मांडीवर घेऊन 'काहून'वर टिपण करत होता. त्याचं म्हणणं असं होतं, की आपल्याकडं माणूस 'काहून' विचारतो तेव्हा त्याला कारण हवं असतंच असं नाही. आईनं लेकराला 'काहून रडून राहिला रे' म्हटलं तर ती कारण विचारत नाही, ती जवळ घेते. म्हणजे 'का' आणि 'काहून' हे दोन निराळे प्रश्न आहेत. हा परिच्छेद संपवून त्यानं नुकतंच पान उलटलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादा परिच्छेद संपवल्यावर तो खरा आहे असं वाटलं होतं. त्या धुंदीत त्यानं मान हलवली. आपण विसरू ही खात्री त्याला होतीच, स्वतःला तो तेवढा ओळखून होता. धर्मसिंगची पाठ वळताच त्यानं पेन्सिलीनं समासात तिरकं लिहिलं: 'लखमाला सांगणे, सोमवारी गाडी आणू नको, झडती कडक.' तो परिच्छेद सोडला तर सात वह्यांत मिळून आरंभापासून शेवटापर्यंत पुरं झालेलं काम एवढंच. सोमवारी कारकून येईल, चष्मा लावील, आणि सगळं सोडून नेमकं हेच वाचील. त्याच सोमवारी लखमा सरकीची गाडी हाकत या नाक्यावर येईल, कारण निरोप देणारा माणूस आत कुडात बसलेला असेल. लखमाला चार लेकरं होती. संतरामनं कपाळावर हात मारला नाही, कारण दारात हिरासिंग बसला होता. पण हात उचलला होता, तो त्यानं केसांतून फिरवून परत मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आधीच आबांची गाडी आली. आबा म्हणजे तातेराव, साठीचे, वाळलेले, कानावर मुंडाशाचा शेव. चार कोस गाडी हाकून आले तरी बैलांना आधी पाणी दाखवून मगच नाक्याची पायरी चढणारे. मागं मंजुळाबाई, संतरामची थोरली बहीण, भाकरीचं फडकं घेऊन. ती नवरा गेल्यावर दहा वर्षांपूर्वी माहेरी परत आली होती, आणि तेव्हापासून घरातलं जे काम कुणाचंच नसे ते तिचं असे. तिनं संतरामकडं एकदा नखशिखांत बघितलं, कुठं मारबीर नाही याची खात्री केली, आणि भिंतीशी पदर सावरून उभी राहिली.

अमीनसाहेबांनी तातेरावांना स्वच्छ सांगितलं. पोरगा तुमचा भला दिसतो, शिवीगाळ नाही, पळापळ नाही. पण ही सात कामं अर्धी आहेत, आणि उरलेली अर्धी कुणाकडं आहेत ते हा सांगत नाही. उद्या कारकून वाचील, मग हिंगोलीला पाठवावं लागेल. तातेरावांनी वह्यांच्या ढिगाकडं बघितलं. मग पोराकडं. संतरामला ती नजर ओळखीची होती. तो खाली बघू लागला.

"हुजूर," तातेराव म्हणाले, "तुमी नव्यानं बघून राहिले म्हणून तुमाला तसं वाटते. आमी जलमापासून बघतो. ह्या पोरानं आजवर एकबी काम शेवटाला नेलं न्हाई."

"सच?"

"गोठ्याची भिंत कमरेइतकी बांधली, आन सोडली. म्हैस तिच्यावरून पाय टाकून जाते. हिरीला पायऱ्या करतो म्हणला, सात केल्या. पाणी अकराव्याला हाय. पोरगी बघायला गेलतो आमी कनेरगावला, सुपारी फोडायची तर हा म्हणे, थांबा, मला इचार करायचाय. तिला आता दोन लेकरं हायती, दुसऱ्याच्या घरी. आंगणात कसली घड्याळ करतो म्हणून फरशी उखडली, पावसाळाभर तिथं बेडकं होती. बाकी कुठंय म्हणून इचारता तर बाकी न्हाईच, सायब. कुठंच न्हाई. आमच्या घरी या, दाखवतो तुमाला, सगळीकडं नुस्तं सुरूच केलेलं पडलंय."

हिरासिंग दाराशी तोंड फिरवून खोकला. संतराम उभा होता. सुटकेसाठी बाप साक्ष देतोय की आयुष्यभराचा साठलेला राग सरकारी माणसापुढं ओकतोय, हे त्याला कळेना. बहुधा दोन्ही, आणि दोन्ही खरं होतं, म्हणूनच सहन होत नव्हतं. त्याला मध्येच म्हणावंसं वाटलं, आबा, पायऱ्या आठ केल्या होत्या. अमीनसाहेब मात्र कान देऊन ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय हळूहळू निराळ्याच कसल्यातरी भावात बदलत होता. घरी त्यांचाही एखादा असा मुलगा असावा.

"ह्या मंजुळाला लिहायवाचायला शिकवतो म्हणला," तातेराव आता थांबणारे नव्हते. "दोन उन्हाळ्यांमागं. पाटी आणली, कोळसा आणला. तेबी अर्ध्यात."

"कहाँ तक?"

उत्तर मंजुळाबाईनं दिलं, जमिनीकडं बघत. "प पस्तोर."

संतरामचे कान तापले. ते तो खरोखर विसरला होता. म्हणजे शिकवलेलं आठवत होतं, सोडल्याचं विसरला होता. संध्याकाळी अंगणात बसून ती एकेक अक्षर बाराखडीनिशी गिरवायची, शेणानं सारवल्यासारखं जोर देऊन. रोज एक अक्षर. प झाला त्या दिवशी तिनं 'पाणी' लिहिलं होतं आणि तांब्यासमोर पाटी धरून हसली होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात सूर्यघड्याळ शिरलं. तिनं चारपाच संध्याकाळी पाटी पुसून जवळ ठेवली असेल. मग ठेवली नसेल. तिनं विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून राहिलं, असं तो स्वतःशी म्हणू बघत होता, तेवढ्यात अमीनसाहेबांनी ढिगातली सातवी वही उपसली.

ते वेडे नव्हते. बाकी सगळं शाईचं होतं, सरळ ओळीतलं. एकाच पानावर समासात पेन्सिलीचं, तिरकं, घाईघाईचं होतं, आणि ते त्यांनी कालच हेरून ठेवलं असावं. पानावर बोट ठेवून वही त्यांनी मंजुळाबाईपुढं धरली. "ये पढ़ो बाई. जितना आता है उतना."

तिनं वही घेतली. संतरामच्या डोक्यात अक्षरांची नुसती चाळण सुरू झाली. लखमातला ल तिला येत नव्हता, म नाही. सोमवारी मधलं काहीच नाही. बरं झालं. पण गाडी? ग आणि ड. आणू, नको. ण, न, क. झडती: झ, ड, त. कडक. देवा, सगळी पच्या अलीकडची अक्षरं. नाव तिला वाचता येणार नव्हतं, पण गुन्हा पुरता वाचता येणार होता, आणि ते वाचायला त्यानंच तिला शिकवलं होतं, अंगणात, रोज एक. आयुष्यात त्यानं अर्धवट सोडलेल्या कामांपैकी हे एकच असं होतं की ते जितकं झालं होतं तितकंही व्हायला नको होतं. त्यानं तिच्याकडं बघून मान हलवायचा प्रयत्न केला, पण हिरासिंग त्याच्याकडंच बघत होता.

मंजुळाबाईचं बोट ओळीखालून सरकलं. ओठ हलले, आवाज नाही. बोट परत मागं आलं. खोलीत फक्त ताकाच्या फडक्यावरची माशी वाजत होती.

"पा... णी," ती म्हणाली.

बोट थोडं पुढं.

"का... ढा. मग हे येत न्हाई मला. क... डू. कडू. मग... ता, प. ताप." तिनं मान वर केली. "तापाचा काढा लिवलाय सायब. दोन घोट घ्या म्हणते का काय, फुडची अक्षरं मला न्हाई येत. आईला लई दिवस ताप हाय आमच्या, तिच्यापायी आणला आसंल कुणाला तरी इचारून."

संतरामला आधी वाटलं, ती विसरली. अक्षरं विसरली आणि अंदाजानं काहीतरी जुळवतेय. तिथं पाणी नव्हतं, काढा नव्हता, ताप तर नव्हताच. आईला खडखडीत बरं होतं. मग त्याच्या ध्यानात आलं, की ती जे शब्द वाचत होती त्यांतलं एकूण एक अक्षर प पर्यंतचं होतं. एकही पलीकडचं नाही. चुकून सुद्धा नाही. इतकं नेमकं न चुकता चुकायला समोर काय लिहिलंय ते पुरतं कळावं लागतं. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ खाली गेला आणि तो पुसायचं त्याला सुचलं नाही.

अमीनसाहेबांनी ढेकर दाबला. काढ्याचं नाव निघताच त्यांचा हात आपोआप पोटाकडं गेला होता. त्यांनी वही मिटली, ढिगावर ठेवली आणि सगळा ढीग संतरामकडं सरकवला, एखाद्या नकोशा पाहुण्याला पान वाढल्यासारखा. "ले जाओ. तुम्हारे वालिद ने जो गवाही दी, उसके बाद क्या पूछूँ." मग काहीतरी आठवून त्यांनी जाड कागदावरची सूर्यघड्याळाची आकृती ढिगातून ओढून घेतली. "ये मैं रखता हूँ. नाके पर घड़ी बंद पड़ी है चार महीने से. इसको पूरा कैसे करते?"

संतरामनं तोंड उघडलं. अक्षांश. तो अक्षांश कुठल्या पुस्तकात असतो ते पुस्तक नागपूरला होतं. "देखना पड़ेगा साहब," तो म्हणाला.

अमीनसाहेबांनी तातेरावांकडं बघितलं. तातेरावांनी, आता पटलं का, अशा अर्थानं हात पसरले.

गाडी वाटेला लागली तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं. तातेराव पुढं बसून एक अक्षर बोलत नव्हते. त्यांना जे बोलायचं होतं ते सरकारदरबारी बोलून झालं होतं. मागं संतराम, मांडीवर सात वह्या, आणि शेजारी मंजुळाबाई फडक्यातली भाकरी मोडून देत होती. दोन घास गिळून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "अक्का, फ कधी शिकलीस?"

"शिरावणात," ती म्हणाली. "देवळात पोथी लागते न्हाई का. लहानपणापून ऐकून ऐकून मला समदी तोंडपाठ. वाचणाऱ्याच्या बाजूला बसले आन त्याचं बोट बघत ऱ्हायले. तो म्हणाला फूल, तर फूल कुठंय बघायचं. महिन्यात झालं."

महिन्यात. योजना नाही, चौकटी नाहीत, तांबड्या फुल्या नाहीत. संतरामला आनंद व्हायला हवा होता आणि तो बहुधा झालाही असावा, पण त्याच्या वर वैतागाचा एक जाड थर होता: आपण ज्या वाटेच्या पहिल्या मैलावर सावलीला बसून नकाशे काढतोय, त्या वाटेनं ही बाई न बोलता पुढं निघून गेली आणि परत येऊन आपल्याला भाकरी वाढतेय. "मला सांगितलं काहून नाहीस?" तो म्हणाला. हा 'काहून' कारण विचारणारा होता की दुसरा, ते त्याला कळलं नाही.

"तू इचारलं का?" ती म्हणाली. जरा वेळानं, "आन मग तू शिकवायलाबी बसला असता पुना. फ पासून."

ओढा ओलांडल्यावर तांड्याची पायवाट फुटते तिथं तिनं आबांना गाडी थांबवायला सांगितली. "लखमाकडं मी जाते," ती संतरामला म्हणाली. "तू विसरशील." मग हात पुढं केला. "तेवढा कागद फाड आदी."

त्यानं सातवी वही उघडली. पेन्सिलीची तिरकी ओळ तिथंच होती, आणि नुसता समास फाडून भागण्यासारखं नव्हतं, कारण मागच्या बाजूला, कडेपर्यंत दाटीनं लिहिलेला, तो परिच्छेद होता. 'का' आणि 'काहून'चा. पुरा झालेला. त्यानं पान बोटांत धरलं. "अक्का, ह्याच्या मागं," तो म्हणाला आणि थांबला. उतरवून घ्यायला पाव तास पुरला असता. नाही, दहा मिनिटं. दुसऱ्या वहीत, सावकाश. तातेरावांनी मागं वळून बघितलं. मंजुळाबाईचा हात तसाच पुढं होता, भाकरीचं पीठ लागलेला. पलीकडं वाटेवरून कुणीतरी जनावरं घेऊन येत होतं, त्यांची धूळ दिसत होती. संतरामनं पान शिवणीपासून फाडलं. नीट फाटलं, एका ओढीत.

तिनं घडी केली, अजून एक घडी केली, आणि पानाचा विडा ठेवावा तशी गालात ठेवली. मग खाली उतरून, पदर डोक्यावर ओढून, चावत चावत तांड्याच्या वाटेला लागली.

तातेरावांनी बैलांना सावलीला वळवलं. ती येईपर्यंत थांबायचं होतं. संतरामनं पेन्सिल काढली, कोऱ्या पानावर टेकवली, आणि परिच्छेद आठवू लागला. आपल्याकडं माणूस 'काहून' विचारतो तेव्हा. पुढचं येईना. त्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघितलं, मोठ्यानं, आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आपल्याकडं माणूस 'काहून' विचारतो तेव्हा.

"तेव्हा काय?" तातेराव पुढूनच म्हणाले.